दुभाष्याची राहिलेली गोष्ट

सेतुमाधवरावांची आणि माझी पहिली भेट तिरुवल्लिकेणीजवळच्या एका चित्रपटगृहात, मध्यंतरात झाली. नोकरीसाठी मिरजेहून चेन्नईत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. वसतिगृहातली माझी मैत्रीण नागपूरची, तिचीही तीच गत. रविवारची दुपार खायला उठली म्हणून आम्ही समोर लागलेल्या तमिळ चित्रपटाला जाऊन बसलो, आणि मध्यंतरात शेंगदाणे खाताना आमचा वाद जुंपला. माझं म्हणणं, तो मिशीवाला दुष्ट आहे आणि त्या मुलीला फसवतो आहे. तिचं म्हणणं, तो तिचा काका आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक धोतर नेसलेले गृहस्थ पुढं वाकले आणि म्हणाले, "तो वाईट नोहे. थोडं थांबा, तुमास कळेल."

मराठी तर होती, पण असली मराठी मी कधी ऐकली नव्हती. शब्द माझ्या पणजीच्या वेळचे आणि हेल तमिळचा. मग त्यांनी विचारलं की भाषा येत नाही तर इतका वेळ बसलात कशाला. मी म्हटलं, ती मुलगी आईला न सांगता घरातून निघाली आहे आणि तिथं आता संध्याकाळ झाली आहे, ती घरी पोचल्याशिवाय मला उठवत नाही. हे ऐकून ते एवढ्यानं हसले की शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शेजारी बसलेल्या आपल्या पत्नीला ते तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. पुढं मामींनीच मला ते सांगितलं: "हिला गोष्ट ऐकता येते."

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर या, एवढं निमंत्रण त्यांनी तिथंच दिलं. तेव्हापासून आम्ही त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणत आलो आहोत. सेतुमाधवरावांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि आपल्या इथल्या मराठी मंडळानं त्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ काढला आहे. संपादक श्री. पाटणकर यांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी तो दोन बैठकांत लिहून दिला होता. तो आता फाडून टाकला आहे. त्यात मी त्यांच्या सर्वांत मोठ्या गोष्टीच्या शेवटाचं भरभरून कौतुक केलं होतं, आणि त्या गोष्टीचा शेवट आपल्यापैकी कोणीच ऐकलेला नाही हे मला गेल्या महिन्यात कळलं. तो शेवट आता मिळतो की कायमचा जातो, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात आहे. तेव्हा गौरवाच्या लेखात हळहळ जास्त आली तर वाचकांनी समजून घ्यावं.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. सेतुमाधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. पूर्वज कधीतरी राजांबरोबर आले आणि कावेरीकाठी राहिले, वडील नोकरीसाठी तेव्हाच्या मद्रासला आले. सेतुमाधवरावांनी उभा जन्म एका चित्रपट वितरण कंपनीत काढला. चित्रपटाच्या रिळांची पेटी घेऊन सेलमपासून तिरुनेल्वेलीपर्यंत गावोगावी जायचं, खेळ लावायचा आणि लोकांना तो कसा वाटला हे मालकांना कळवायचं, असं ते काम. बाकीचे प्रतिनिधी चित्रपट पाहायचे. हे पडद्याकडे पाठ करून, कडेच्या स्टुलावर बसून माणसं पाहायचे. त्यातही पाय. ते सांगतात की गोष्टीनं माणूस धरला की त्याचे पाय हलायचे थांबतात, आणि सुटला की चप्पल शोधायला लागतात.

एकदा एका खेड्यात, तंबूतल्या थिएटरात, पहिल्या खेळाला शेवटच्या रिळाच्या आधी वीज गेली. तंबूच्या मालकानं हात जोडून लोकांना घरी जायला सांगितलं. कोणी उठेना. सेतुमाधवराव तेव्हा तरुण होते. ते रिळांच्या पेटीवर उभे राहिले आणि उरलेला चित्रपट त्यांनी तोंडानं सांगितला. कंदिलाच्या उजेडात अख्खा तंबू त्यांच्या वाक्यावाक्याला "ऊं, ऊं" करत होता. वीज आल्यावर ऑपरेटरनं शेवटचं रीळ लावलं, तर एक म्हातारी म्हणाली की आता कशाला दाखवता, आम्ही पाहिलं की. हा प्रसंग सांगताना सेतुमाधवराव आजही लाजतात आणि आजही तो सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

हा "ऊं" हे त्यांच्या साऱ्या गोष्टींचं इंधन. आपल्याकडेही गोष्ट ऐकताना हुंकार देतात, तमिळ घरांतही देतात, पण सेतुमाधवरावांच्या घरी त्याचा रीतसर नेम होता. गोष्ट सुरू होण्याआधी हुंकार कोण देणार ते ठरायचं. त्या माणसानं वाक्य संपलं की "ऊं" म्हणायचं, सांगणारा अडला की "अप्परम?" म्हणजे "मग?" असं विचारायचं. हुंकार थांबला तर सांगणाऱ्यानं थांबायचं, कारण ऐकणाऱ्याला पुरे झालं आहे असा त्याचा अर्थ. हा शेवटचा नियम त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. त्यांच्या घरात तो इतका मुरलेला होता की सांगावा असं त्यांना वाटलंच नाही.

गच्चीवर आम्ही नोकरीसाठी आलेले दहा-पंधरा मराठी जण असू. समुद्राकडून वारा सुटला की मामी फिल्टर कापीचे पेले आणि मुरुक्क्याचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा वर पाठवायच्या आणि मग मामा बसायचे. त्यांच्याकडे गोष्टी तीन ठिकाणांहून यायच्या. एक तर पाहिलेले चित्रपट. दुसऱ्या कादंबऱ्या: तमिळ साप्ताहिकांत क्रमशः आलेल्या कादंबऱ्यांची पानं आठवड्यामागून आठवडा फाडून, शिवून मामींनी त्यांचे जाडजूड ठोकळे बांधले होते. त्यातलं प्रकरण वाचून मामा ते आम्हाला मराठीत सांगायचे. तिसऱ्या तंजावरच्या दंतकथा, आईकडून ऐकलेल्या. हुंकाराचं काम बहुतेक वेळा दिनेशकडे असे. दिनेश बीडचा, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. पहिली पाळी संपवून दोन बस बदलत यायचा. आवाज असा की त्यानं "ऊं" म्हटलं की खालच्या मजल्यावरची भांडी थरथरावीत.

गोष्ट माणसाला का धरून ठेवते, यावर सेतुमाधवरावांचं एक ठाम मत आहे. पुढं काय होतं या उत्सुकतेपोटी माणूस बसत नाही, असं ते म्हणतात. ज्याच्यावर आपला जीव जडला त्याचं वाईट होऊ नये म्हणून तो बसतो. म्हणून ते गोष्टीच्या सुरुवातीला घाई करत नसत. नायिका कशी दिसते हे सांगायच्या आधी ती सकाळी अंगणात रांगोळी घालताना कोणाला चुकवते हे सांगत. आम्ही दिवसभर संगणकासमोर बसून मेंदूचा भुगा करून यायचो, आणि पाच मिनिटांत कोणा शिक्षकाच्या बायकोची काळजी करायला लागायचो.

त्यांचा दुसरा बाणा असा की गोष्ट बदलायची नाही. एका कादंबरीत मुलगा परगावी असताना आई वारते. ते प्रकरण चार शनिवारांवर आलं असताना दिनेशची आई बीडला वारली. तो दिवस करून परत आला आणि नेहमीसारखा गच्चीवर हजर झाला. आम्ही मामांना बाजूला घेऊन म्हटलं की या खेपेला कादंबरीतली आई वाचवा, कोण तपासायला जातंय. ते हो म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी गच्चीवरची बैठकच मोडली, दिनेशला घेऊन मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि चालता चालता पुढं काय येणार आहे ते त्याला एकट्याला सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारी ते प्रकरण आलं तेव्हा दिनेशनं हुंकार दिला. आवाज फुटत होता, पण दिला. नंतर तो मला म्हणाला की आई गेल्यापासून तो पहिल्यांदा नीट रडला तो त्या वाळूत.

माझ्यावरचे उपकार सांगायचे तर पानं पुरणार नाहीत. एकच सांगते. मला कांजिण्या आल्या आणि वसतिगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत मला एकटीला ठेवलं. मामी रोज रसमभाताचा डबा पाठवत. मामांना आत यायला परवानगी नव्हती, म्हणून ते रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनवर मला एक प्रकरण सांगत. वॉर्डनबाई मोठ्या खाष्ट होत्या, फोनपाशी तीन मिनिटांच्या वर कोणाला उभं राहू देत नसत. माझा आजार संसर्गाचा म्हणून त्या जवळ न येता दुरून लक्ष ठेवून बसायच्या. मराठीचं त्यांना काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता. चौथ्या की पाचव्या दिवशी मी फोन ठेवून खोलीकडे निघाले, तर त्यांनी मला अडवून विचारलं, "अप्परम?" मग मी त्यांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ती गोष्ट सांगायला लागले. माझं तमिळ सुरू झालं ते असं.

आता मूळ विषयाकडे येते. टाळून टाळून किती टाळणार.

सेतुमाधवरावांची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुभाष्याची. ती कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्या आईला तिच्या आईनं सांगितलेली. तंजावरच्या दरबारात नरसोजी नावाचा एक दुभाष्या होता. राजाला मराठी येई, रयतेला तमिळ, आणि मध्ये हा. नरसोजी मनानं मऊ. राजा चिडून बोलला की तो तमिळमध्ये गोड करून सांगायचा. शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या की मराठीत त्यांचे आशीर्वाद व्हायचे. परिणामी रयत समजे राजा दयाळू, राजा समजे रयत सुखी, आणि बराच काळ राज्य खरोखरच बरं चाललं. यातले एकेक प्रसंग मामा असे रंगवत की आम्ही गच्चीवर लोळण घ्यायचो. एका शनिवारी एक, अशी ही गोष्ट पावसाळा संपल्यावर सुरू झाली ती उन्हाळा आला तरी चालू होती.

हळूहळू तिचा रंग बदलला. म्हातारा राजा गेला, त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. देवळातल्या एका वीणा वाजवणाऱ्याकडून हा मुलगा गुपचूप तमिळ शिकत होता. हे आम्हाला ठाऊक, नरसोजीला नाही. आणि मग कावेरीकाठची पोन्नम्मा नावाची बाई फिर्याद घेऊन दरबारात उभी राहिली. तिच्या शेताचा कालवा एका अधिकाऱ्यानं अडवला होता, शेत वाळलं, त्या दुःखात तिचा धनी गेला. हे सगळं तिनं तमिळमध्ये सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तो अधिकारी तुमच्या या दुभाष्याचाच सख्खा भाऊ आहे. राजाला अक्षरन् अक्षर कळलं होतं. तरी तो काही न कळल्यासारखा नरसोजीकडे वळून म्हणाला, "बाई काय म्हणते?"

गच्चीवर ही गोष्ट इथवर आली होती आणि पाटणकरांना कल्पना सुचली. पाटणकर तेव्हा मंडळाचे सचिव होते. माणूस सोन्यासारखा, कामाला वाघ, फक्त हातात नवीन यंत्र आलं की त्यांच्याजवळ उभं राहू नये. मंडळानं नुकताच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. ही गोष्ट अशी वाऱ्यावर सांगून वाया जाते आहे, ती कायमची जपून ठेवली पाहिजे, असं त्यांनी समितीला पटवलं, आणि पटण्यासारखंच होतं ते. ठरलं असं की एका शाळेच्या सभागृहात मामांनी पोन्नम्माची फिर्याद थोडक्यात सांगून तिथून गोष्ट शेवटापर्यंत न्यायची आणि ती सबंध चित्रित करायची.

चेन्नईचा मे महिना. आवाज येतो म्हणून पंखे बंद. रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्या बंद. दारावर पाटी: प्रेक्षकांनी पूर्ण शांतता राखावी. पाटणकरांनी स्वतः प्रत्येकाला भेटून सांगितलं की मध्ये खोकायचंसुद्धा नाही, आणि दिनेशला तर चार वेळा बजावलं, कारण त्याच्या हुंकारानं माइक फाटेल. दिनेश बिचारा पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून बसला. आम्ही सगळे शहाण्या मुलांसारखे गप्प. सेतुमाधवराव जरीकाठी वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र टाकून मंचावर बसले आणि त्यांनी सुरुवात केली.

पहिल्या वाक्यानंतर ते थांबले. दिनेशकडे पाहिलं. दिनेशनं डोळ्यांनीच पुढं चला म्हटलं. ते पुढं गेले, पुन्हा थांबले. नंतर त्यांचा वेग वाढला, जिथं ते रेंगाळायचे त्या जागा त्यांनी ओलांडल्या. मला वाटलं, कॅमेऱ्यामुळं बिचकले असतील. राजा म्हणाला, बाई काय म्हणते. नरसोजीनं पोन्नम्माकडे पाहिलं. मग राजाकडे पाहिलं. "नरसोजीनं तोंड उघडलं," असं म्हणून सेतुमाधवराव थांबले. बराच वेळ थांबले. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग त्यांनी हात जोडले, "इतकंच," म्हणाले आणि मंचावरून खाली उतरले.

आणि आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. काय शेवट आहे, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. नरसोजी खरं बोलला की खोटं, हे ऐकणाऱ्यावर सोडलं, किती आधुनिक, किती धीट. कोणी म्हणालं की नवकथेच्या तोंडात मारेल असा हा शेवट आणि तोही दोनशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी रचलेला. पाटणकरांनी सीडी काढून घरोघर वाटल्या. माझ्या लेखात मी त्या शेवटावर दोन पानं लिहिली होती. मामा दर शनिवारी गच्चीवर बसतच राहिले, चित्रपट आणि कादंबऱ्या सांगतच राहिले, पण नरसोजीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. संपलेल्या गोष्टीचं नाव कोण काढतं, म्हणून आम्हीही काढलं नाही. दिनेशची पुण्याला बदली झाली, बरेच जण अमेरिकेत गेले, गच्चीवरची मंडळी कमी होत होत बैठकच थांबली.

गेल्या महिन्यात पाटणकर आणि मी सेतुमाधवरावांकडे त्यांचं छायाचित्र आणायला गेलो होतो. मामा आतून अल्बम काढत होते. मी मामींना म्हटलं की मामांची मुलाखत घ्यायची आहे, नरसोजीचा तो शेवट त्यांच्या आईचा की त्यांचा स्वतःचा, एवढंच विचारायचं आहे. मामी म्हणाल्या (त्यांच्या मराठीत अस्की म्हणजे सगळी), "शेवट कुठं सांगिटले ते? तुम्ही कोणी ऊं म्हटलां नाही. नरसोजीची अस्की गोष्ट पुढंच आहे. त्याची बायको येत्ये, होडी येत्ये, समुद्र येतो."

पाटणकरांच्या हातातला पेला तसाच राहिला. मग शेवट काय आहे, असं मी मामींना विचारलं. त्या कसनुशा हसल्या. ती गोष्ट मामा मुलीला, उषाला, निजवताना सांगायचे. दिवसभराच्या कामानं मामींचाच डोळा आधी लागायचा, होडी आली की त्या घोरायला लागायच्या. उषा परदेशात असते, तिला आम्ही त्याच दिवशी फोन लावला. तिला आठवत होतं ते इतकंच, की शेवटी आपण रडायचो आणि मग अप्पा काहीतरी म्हणायचे आणि आपण हसायचो. काय म्हणायचे ते तिला सांगता येईना.

अल्बम घेऊन बाहेर आलेल्या मामांना आम्ही विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगितलं. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती, म्हणून तर ऐकवत नव्हतं. "तुम्ही टाळ्या वाजविलांत. अस्के खुश होते. मज वाटलं, यांस इतकं पुरे." नंतर घरी त्यांनी एकट्यानं ती गोष्ट सांगून पाहिली होती. ती त्यांनी कधी पाठ केली नव्हती. लहानपणी आई सांगायची आणि हे ऊं म्हणायचे, पुढं हे सांगायचे आणि उषा ऊं म्हणायची. समोरून ऊं आला की पुढचं वाक्य यायचं. "त्या दिवशीं आलं नाही," ते म्हणाले, "अप्परमही, मागाहूनही आलं नाही. नरसोजी तोंड उघडतो. त्याचं तोंड मज दिसतं. शब्द येत नाही."

पाटणकर हा लेख तपासतील तेव्हा पुढचं वाक्य त्यांनी कापू नये अशी माझी विनंती आहे. ते खुर्चीतून उठून मामांच्या पायांशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मामांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तुमची सीडी फार स्वच्छ निघाली आहे, शेजारच्या तमिळ कुटुंबालाही आवडली, असं सांगून त्यांची समजूत काढली. मग पाटणकर म्हणाले की आम्ही ऊं म्हणतो, तुम्ही पहिल्यापासून सांगा. मामांनी त्यांच्या समाधानासाठी सुरुवात केली. आम्ही दोघं जीव तोडून हुंकार देत होतो. पण आमच्या हुंकारात धसका होता, तो त्यांना ऐकू येत असणार. पोन्नम्मा दरबारात यायच्या आधीच ते अडले आणि हसून मान हलवू लागले.

थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "वैशाली, तूं सांग. मी ऊं म्हणतों."

मी सांगितली. म्हातारा राजा, गोड केलेल्या शिव्या, वीणा वाजवणारा, कालवा. मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त आठवत होतं, कारण प्रत्येक वाक्याला त्यांचा "ऊं" येत होता, मऊ, बिनघाईचा. इतक्या वर्षांत मी त्यांच्या गोष्टी ऐकल्या, पण ते कसे ऐकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचे पाय अगदी स्थिर होते. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, राजानं विचारलं, बाई काय म्हणते. "ऊं." नरसोजीनं पोन्नम्माकडे पाहिलं. "ऊं." मग राजाकडे पाहिलं. "ऊं." नरसोजीनं तोंड उघडलं.

"ऊं," मामा म्हणाले.

मी थांबले. मला पुढचं येत नव्हतं. त्यांनी वाट पाहिली, आणि अडलेल्या सांगणाऱ्याला धीर द्यावा तसं हळूच विचारलं, "अप्परम?"

तेव्हापासून आम्ही तिघं-चौघं दर शनिवारी त्यांच्याकडे जातो. दिनेश पुण्याहून फोनवर असतो. एखाद्या शनिवारी मामांना होडीबद्दल दोन वाक्यं आठवतात, एखाद्या शनिवारी ती दोनही निसटतात. त्यांची प्रकृती एरवी उत्तम आहे, दृष्टी चांगली आहे, मामींच्या कापीत डिकॉक्शन कमी पडलं तर पहिल्या घोटाला कळतं. अशा लेखाच्या शेवटी मोठ्या मनानं लिहायची रीत आहे की गोष्ट अपुरी राहिली तरी चालेल, ते आमच्यात आहेत हेच पुष्कळ. मला तसं लिहवत नाही. मला तो शेवट हवा आहे, आणि तो त्यांच्याच तोंडून हवा आहे. त्यासाठी लागेल तेवढं, आणि तो सांगून झाल्यावर आमच्याबरोबर निवांत बसता येईल एवढं, निरोगी आयुष्य सेतुमाधवरावांना मिळो.